नदी स्वतःला साफ करते, मान्य, पण...

सांडपाणी प्रक्रिया केंद्रावरच्या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत, ‘तीन हजार वस्तीच्या गावाला कसलं केंद्र हवं? नदी चार-पाच किलोमीटरमध्ये स्वतःच साफ होते. शिवाय केंद्रातून निघालेलं पाणी तरी कुठे पिता येतं? मग त्याला शुद्ध कशाला म्हणायचं?’ प्रतिक्रिया खोचक आहे, पण मुद्दे टाळण्यासारखे नाहीत. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नदी स्वतःला साफ करते हे खरंच. पण ते काम करतं कोण? पाण्यातले जिवाणू. ते घाण खातात आणि खाताना पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन संपवतात. माशांचा श्वासही त्याच ऑक्सिजनवर चालतो. पंचवीस अंशाच्या एक लिटर पाण्यात तो जेमतेम ८ मिलिग्रॅम मावतो. पाणी तापलं की आणखी कमी.

आता हिशेब बघा. माणशी रोजच्या सांडपाण्यातली घाण कुजायला साधारण ५० ग्रॅम ऑक्सिजन लागतो. तीन हजार माणसांचा झाला १५० किलो. म्हणजे सुमारे १ कोटी ९० लाख लिटर पाण्यातला सगळाच्या सगळा ऑक्सिजन, तोही रोज. सेकंदाला १०० लिटर वाहणाऱ्या ओढ्यातून दिवसभरात जेमतेम ८६ लाख लिटर पाणी जातं. हवेतून नवा ऑक्सिजन मिसळत राहतो हे धरलं तरी व्यवहार आतबट्ट्याचाच. (यात सांडपाण्यातला अमोनिया धरलेलाच नाही. जिवाणूंना त्यातल्या एक ग्रॅम नायट्रोजनचं नायट्रेट करायला साडेचार ग्रॅम ऑक्सिजन लागतो.) दुथडी वाहणाऱ्या मोठ्या नदीत तुमचं म्हणणं खपून जाईल, पण लहान गावाच्या वाट्याला बहुतेकदा लहान ओढाच येतो.

आणि त्या चार-पाच किलोमीटरांत काय घडतं? ओहायो नदीच्या अभ्यासातून स्ट्रीटर आणि फेल्प्स यांनी १९२५ मध्ये त्याचं गणितच मांडलं. ऑक्सिजन सर्वात कमी होतो तो घाण मिसळते तिथे नव्हे, तर तिथून काही अंतर खाली. मग तो हळूहळू चढतो. नाल्याच्या तोंडाशी उभं राहून ‘इथे तर मासे दिसतायत’ म्हणणारे नेमके इथेच फसतात.

केंद्र जगावेगळं काही करत नाही. नदीचंच काम ते टाकीत उरकतं. तिथे जिवाणूंसाठी ब्लोअरने हवा सोडलेली असते आणि गुदमरायला मासे नसतात. आर्डर्न आणि लॉकेट यांनी १९१४ मध्ये मँचेस्टरला काढलेली युक्ती एवढीच, की तळाशी बसलेला जिवंत गाळ फेकायचा नाही, पुन्हा टाकीत घ्यायचा. जिवाणूंची फौज जागेवरच असल्याने नदीला जे काम करायला दिवस लागतात ते काही तासांत होतं.

एकदा ऑपरेटरची अर्ध्या तासाची चाचणी बघा. एक लिटरच्या नळकांड्यात टाकीतलं पाणी भरून तो ते नुसतं ठेवून देतो. गाळाची तब्येत ठीक असेल तर त्याचे चॉकलेटी पुंजके एकमेकांना धरून सावकाश खाली बसतात, वर नितळ पाणी उरतं आणि वास येतो ओल्या मातीचा. हवा बराच वेळ बंद राहिली तर तोच गाळ काळा पडतो आणि कुजक्या अंड्यांसारखा घाण मारतो. ‘वीज गेली की केंद्र शोभेचं’ असा टोमणा तुम्ही मारला असतात तर माझी बोलतीच बंद झाली असती. तो कसा सुटला तुमच्याकडून, याचं नवल वाटतं.

पिण्याच्या पाण्याबद्दल मात्र तुमचं बरोबर आहे. निर्जंतुकीकरण केलेलं नसेल तर रोगजंतू बऱ्याच प्रमाणात उरतात, आणि साध्या केंद्रातून फॉस्फरसचा मोठा भाग तसाच पुढे जातो. शेवाळ माजतं ते त्यावरच. लेखात मी तीन ठिकाणी ‘शुद्ध पाणी’ लिहिलं होतं. तिन्ही ठिकाणी आता ‘प्रक्रिया केलेलं पाणी’ असा बदल केला आहे.