बाळोत्यांच्या कप्प्यात डांबरगोळ्या? हा मेसेज आधी डिलीट करा

‘नव्या बाळाचा डायपर-कोपरा : ९ सोनेरी नियम’ असा एक लांबलचक मेसेज सध्या ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. खाली नाव नसलेल्या कुणा ‘अनुभवी तज्ज्ञा’ची सही आणि हात जोडलेल्या इमोजींची रांग. नववा महिना लागलेल्या भाचीने तो मला पाठवला आणि विचारलं, ‘मावशी, यातलं काय काय आणू?’ तिने यादीही केली होती. यादीत डांबरगोळ्या होत्या. म्हणून हे लिहिणं भाग पडलं.

नऊपैकी काही नियम नुसते बिनकामाचे आहेत, काही चुकीचे आहेत आणि एक जिवावर बेतणारा आहे. तो क्रमाने चौथा येतो, पण क्रम पाळण्याइतका धीर माझ्यात नाही.

नियम ४ : ‘डायपर, बाळोती, दुपटी ठेवाल त्या कप्प्यात चार-पाच डांबरगोळ्या टाका. झुरळं येत नाहीत, कपड्यांना छान वास राहतो.’

चार-पाच सोडाच, एकही टाकायची नाही.

डांबरगोळी म्हणजे बहुतेक वेळा नॅप्थलीन. खोलीच्या साध्या तापमानालाच तिची थेट वाफ होते, म्हणून ती दिवसेंदिवस लहान होत जाते. ही वाफ सुती कापडात मुरते. तो ‘छान वास’ येतो तो नॅप्थलीनचाच. असं बाळोतं नेसवलं की बाळ ती वाफ श्वासातून घेतं आणि थोडी त्वचेतूनही आत जाते. नॅप्थलीन तेलात सहज विरघळतं, त्यामुळे अंगाला तेल लावलेलं असेल तर आणखीच.

शरीरात नॅप्थलीनपासून जे पदार्थ तयार होतात ते रक्तातल्या तांबड्या पेशींवर घाला घालतात. या माऱ्यापासून पेशींना वाचवतं ते जी६पीडी नावाचं विकर (एन्झाइम). जगात सुमारे ४० कोटी लोकांमध्ये ते जन्मतःच कमी असतं. त्याचं जनुक एक्स गुणसूत्रावर असल्यामुळे त्रास मुलग्यांना जास्त. अशा बाळाच्या तांबड्या पेशी भराभर फुटतात, त्यांतून बनणारं बिलिरुबिन हे पिवळं द्रव्य वाढतं आणि नवजात बाळाच्या कच्च्या यकृताला ते बाहेर टाकणं झेपत नाही. कावीळ चढत जाते. बिलिरुबिन मेंदूत शिरलं तर बहिरेपण येऊ शकतं, हातापायांवरचा ताबा कायमचा जाऊ शकतो, बाळ दगावूही शकतं.

ही ऐकीव भीती नाही. १९६३ साली ‘जर्नल ऑफ पीडियाट्रिक्स’मध्ये ग्रीसमधल्या २१ नवजात बाळांची नोंद प्रसिद्ध झाली. सगळ्यांना नॅप्थलीनच्या वाफेमुळे रक्तपेशी फुटण्याचा त्रास झाला होता आणि त्यांतली दोन बाळं दगावली. यातल्या बहुतेक बाळांच्या अंगाला डांबरगोळ्यांतले कपडे थेट लागलेही नव्हते, ते नुसते आसपास होते. शिवाय जी६पीडीची कमतरता त्या सगळ्यांमध्ये नव्हती. मेसेज मात्र म्हणतो, गोळ्या थेट बाळोत्यांतच टाका!

यावर ‘आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या टाकतात, कुणाला काही झालं नाही’ हे उत्तर ठरलेलं. बहुतेकांचं जी६पीडी ठीक असतं, म्हणून बहुतेकांना काही होत नाही. ज्याचं ठीक नाही ते बाळ दिसायला इतरांसारखंच असतं आणि जन्मल्यावर ही तपासणी सगळीकडे होतेच असं नाही.

आधीच टाकून बसला असाल तर : गोळ्या पिशवीत घट्ट बांधून घराबाहेर काढा. कप्पे उघडे ठेवा, खिडक्या उघडा. कपडे धुवा, घराबाहेर मोकळ्या हवेत वाळवा आणि वास पूर्ण जाईपर्यंत हेच करत राहा. एका धुण्यात वास जातोच असं नाही. प्लॅस्टिकचा डबा धुऊनही वास मारत असेल तर त्यात बाळाचं काही ठेवू नका. बाळ आधीच त्या कपड्यांत राहिलं असेल आणि डोळे-त्वचा पिवळी दिसली, बाळ फिकट किंवा मलूल वाटलं, डायपरवर काळ्या चहासारख्या रंगाचे शूचे डाग दिसले, तर तडक दवाखाना गाठा आणि ‘डांबरगोळ्या होत्या’ हे आपणहून सांगा. विचारलं जाईलच असं नाही.

आणि ‘मग कापूर ठेवते’ असंही नको. कापराने लहान मुलांना झटके येऊ शकतात. झुरळं नकोत तर घट्ट झाकणाचा डबा घ्या आणि बाळोती पुरती खडखडीत वाळल्यावरच आत ठेवा.

नियम १ : ‘कंबरेएवढं चेंजिंग टेबल हवंच. पट्टा बांधला की बाळाला दोन मिनिटं सोडलं तरी चालतं, कारण चार महिन्यांपर्यंत बाळ कुशीवर वळत नाही.’

यातली अर्धी गोष्ट खरी आहे, तीही मी नाइलाजाने मान्य करते. कंबरेइतक्या उंचीवर पाठीला बरं पडतं, विशेषतः सिझेरियनचे टाके ओले असताना वाकणं नको होतं. पण ‘हवंच’ कशाला? भक्कम, सपाट, न हलणारी कुठलीही जागा चालते आणि सगळ्यांत सुरक्षित जागा जमीन. खाली पातळ गादी, तिच्यावर रेक्झिन, वर सुती दुपटं. तिथून पडायला जागाच नाही. गुडघे दुखत असतील, घरात मांजर-कुत्रं असेल किंवा बाळाला ओलांडून पळणारं मोठं भावंडं असेल, तर मग टेबलाचा विचार करा.

उरलेली अर्धी गोष्ट धोक्याची आहे. न वळणारं बाळसुद्धा सरकतं. गार ओला कापूस पोटाला लागला की ते दचकतं, पाठीची कमान करतं, टाचा रोवून मागे ढकलतं. नुसत्या रेक्झिनवर तर जास्तच घसरतं, म्हणून वर कापड हवंच. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सचं सांगणं स्वच्छ आहे : टेबलाला चारही बाजूंनी किमान दोन इंची कठडा हवा, मधला भाग किंचित खोलगट हवा, पट्टा लावा पण त्याच्या भरवशावर राहू नका, एक हात कायम बाळावर ठेवा. फोन वाजला, दार वाजलं तर बाळाला उचलून सोबत घ्या.

हात सोडावा लागू नये अशीच सगळी मांडणी करायची असते आणि नेमकं हेच मेसेजमध्ये नाही. तुम्ही उजवखोरे असाल तर बाळाचं डोकं तुमच्या डाव्या हाताला, सामान उजवीकडे. डावा तळवा बाळाच्या छातीवर, उजवा हात कामाला. सामान हाताच्या टप्प्यात हवं, पण बाळाच्या लाथेच्या टप्प्यात नको : १० ते १२ डायपर, मऊ सुती कापडाचे चौकोन, ऐन वेळी भरलेली कोमट पाण्याची वाटी, झिंक ऑक्साइडचं क्रीम, दोन जादा दुपटी, कपड्यांचे दोन जोड, टाकाऊ डायपरसाठी पिशवी. कापडी बाळोती वापरणार असाल आणि रोज धुणार असाल तर २० ते २४ लागतात. नवजात मापाच्या डायपरांचा मोठा साठा करू नका, ते माप फार लवकर लहान होतं.

नियम २ : ‘वर दिवा आणि लोंबती खेळणी लावा.’ दिवा मंद हवा, बाळाच्या डोळ्यांत थेट येणारा नको. लोंबती दोरी बाळाच्या हातात येईल इतकी खाली नको. याहून जास्त बोलण्यासारखं त्यात काही नाही.

नियम ३ : ‘दर वेळी भरपूर पावडर टाका, जागा कोरडी राहते.’

पावडर हवेत उडते आणि बाळाचं नाक तिथून हातभर अंतरावर असतं. टाल्कचे बारीक कण फुप्फुसात गेले की श्वासाचा गंभीर त्रास होऊ शकतो. (टाल्क आणि कॅन्सर हा वेगळा वाद. तो बाजूला ठेवला तरी एवढं कारण पुरे.) शिवाय जांघेतल्या वळ्यांत पावडर शूने भिजली की तिचे गोळे होतात आणि तेच घासतात. कोरडं ठेवायचं तर टिपून घ्या, चोळू नका, दोन-तीन मिनिटं उघडं राहू द्या, मग क्रीमचा थर. पुढच्या वेळी तो थर खरवडून काढायचा नाही. वरची घाण टिपायची आणि त्यावरच नवा थर द्यायचा.

नियम ५ : ‘पुसायच्या पाण्यात दोन झाकणं जंतुनाशक घाला. बेंबीलाही तेच लावा.’

नवजात त्वचेला ते झोंबतं, लाल करतं. पुसायला साधं कोमट पाणी पुरतं. वाइप्स वापरायचे तर बिनवासाचे, बिनअल्कोहोलचे घ्या, आणि घटकांत मेथिलआयसोथायझोलिनोन दिसलं तर पाकीट परत ठेवा, त्याने अनेकांना ॲलर्जी होते. पहिल्या दोन-तीन दिवसांची काळी-हिरवी शी डांबरासारखी चिकटते. तिच्यासाठी जंतुनाशक कशाला? आधीच ढुंगणाला पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवून ठेवा, सहज निघते. मुलीला नेहमी पुढून मागे पुसायचं. मुलाची शिश्नाची कातडी मागे ओढायची नाही. बेंबीबद्दल जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या शिफारशी सांगतात : स्वच्छ आणि कोरडी ठेवा. म्हणून डायपरची पुढची कड बेंबीच्या खाली दुमडायची.

नियम ६ : ‘चांगला डायपर १२ तास टिकतो. उगाच बदलत बसू नका.’

शोषून घेण्याची ताकद १२ तासांची असेलही. त्वचेची नाही. शूतल्या युरियापासून अमोनिया होतो, त्याने त्वचेवरची आम्लता कमी होते आणि मग शीतली पाचक विकरं जोमाने त्वचाच खाऊ लागतात. रॅश येतो तो असा. म्हणून शी झाली की लगेच बदलायचं. नवजात बाळाला दिवसाला ८ ते १२ डायपर लागतात, हे गृहीत धरूनच चला.

दुसरं, १२ तास एकच डायपर ठेवला तर शू किती वेळा झाली हे कळणार कसं? पाचव्या-सहाव्या दिवसानंतर २४ तासांत किमान सहा ओले डायपर, ही दूध पुरतंय याची घरातल्या घरात दिसणारी खूण आहे. ‘ओला’ म्हणजे किती हे हाताला कळत नसेल तर कोऱ्या डायपरमध्ये मोठे तीन चमचे पाणी ओता आणि उचलून बघा.

डायपर गळतो तो बहुतेक वेळा भरला म्हणून नाही, मांडीजवळची झालर आत दुमडली म्हणून. डायपर लावल्यावर दोन्ही बाजूंनी बोट फिरवून झालर बाहेर काढा. मुलगा असेल तर शिश्न खालच्या दिशेला ठेवून मग बंद करा, नाहीतर शू वरच्या कडेने पोटावर येते. कमरेपाशी दोन बोटं जातील इतकी सैल. मांडीवर लाल वळ उठत असतील तर पुढचं माप घ्या.

नियम ७ : ‘टेबलाखाली पाण्याची बादली ठेवा, बाळोती त्यात टाकत जा.’

घरात रांगणारं किंवा नुकतं चालायला लागलेलं मूल असेल तर हे अजिबात नको. त्या वयात डोकं जड असतं. मूल वाकलं की डोक्यावर बादलीत जातं आणि त्याला वर येता येत नाही. थोड्याशा पाण्यातही मूल बुडतं, तेही आवाज न करता. शी संडासात टाका, बाळोतं विसळा, पिळा आणि झाकणाच्या कोरड्या बादलीत ठेवा. दिवसभरात धुऊन टाका. फॅब्रिक सॉफ्टनर घालू नका, त्याने कापड पाणी शोषायचं बंद होतं.

नियम ८ : ‘सॅनिटायझर ठेवलं की हात धुवायला नकोत.’ हाताला शी लागली असेल तर सॅनिटायझर नीट काम करत नाही. साबण आणि पाणीच हवं. ती बाटली मोठ्या भावंडाच्या हाती लागेल अशीही ठेवू नका.

नियम ९ : ‘जागा एकच ठेवा, बाळाला सवय होते. घोटे धरून पाय उंच उचला.’

घोटे धरून कंबर उचलू नका. खुब्यावर ताण येतो, आणि दूध नुकतंच पोटात गेलं असेल तर ते बाहेर येतं. बाळाला हलकेच एका कुशीवर वळवा, मागचं पुसा, नवा डायपर खाली सरकवा, परत उताणं करा. आणि सवय व्हायची ती सामान कुठे आहे याची, तुम्हाला. पहाटे तीन वाजता अंधारात दुसऱ्या खोलीपर्यंत जाण्यापेक्षा पलंगाजवळ एक लहान टोपली ठेवा : चार डायपर, कापडाचे चौकोन, क्रीम, एक दुपटं, एक झबलं, रेक्झिनचा तुकडा. रोज संध्याकाळी ती भरून ठेवायचं काम घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी द्या, बाळंतिणीला नको.