जॉर्ज हेडलीला ‘काळा ब्रॅडमन’ का म्हणू नये

वेस्ट इंडीजचा फलंदाज जॉर्ज हेडलीचे नाव निघाले की क्रिकेटचे जाणकारसुद्धा, ऑस्ट्रेलियाचा महान फलंदाज डॉन ब्रॅडमनच्या नावावरून, ‘काळा ब्रॅडमन’ म्हणून मोकळे होतात. हे बिरुद कौतुकाने दिले जाते, हे मला मान्य आहे. तरी ते दर वेळी खटकते, कारण त्यात हेडलीची थोरवी दुसऱ्याच्या मापाने मोजली जाते आणि त्याने कोणत्या संघाकडून धावा काढल्या, हे विसरले जाते.

हेडलीचा जन्म 1909 मध्ये पनामात झाला. वडील बार्बाडोसचे, आई जमैकाची, आणि मुलाच्या तोंडी भाषा स्पॅनिश. इंग्रजी शिकावे म्हणून दहाव्या वर्षी त्याला जमैकात आणले गेले. पुढे दंतवैद्यक शिकायला अमेरिकेला जायचे ठरले होते, पण कागदपत्रे यायला उशीर झाला. तेवढ्यात, 1928 मध्ये, लॉर्ड टेनिसनचा इंग्लिश संघ जमैकात आला आणि अठरा वर्षांच्या या पोराने त्यांच्याविरुद्ध 211 धावा काढल्या. अमेरिका राहिली ती राहिलीच.

1930 मध्ये ब्रिजटाऊनला कसोटी पदार्पणात त्याने 176 धावा केल्या. त्याच मालिकेत जॉर्जटाऊनला त्याची दोन्ही डावांत शतके झाली आणि वेस्ट इंडीजने आपला पहिला कसोटी विजय मिळवला. वेस्ट इंडीजच्या पहिल्या 14 कसोटी शतकांपैकी 10 एकट्या हेडलीची आहेत. विश्वास बसेना म्हणून जुने धावफलक काढून मी ही शतके एकेक करून मोजली. ब्रॅडमन बाद झाला तर ऑस्ट्रेलियाकडे मागे पॉन्सफर्ड होता, मॅककेब होता. हेडली बाद झाला की बहुतेक वेळा डावच संपल्यात जमा असे. सारी पृथ्वी खांद्यावर पेलणाऱ्या ‘ॲटलास’चे नाव त्याला मिळाले होते. द्यायचेच असेल तर ते बिरुद द्यावे.

1930-31 च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. हेडलीचे फटके मुख्यतः ऑफ साइडचे आहेत हे ओळखून ऑस्ट्रेलियाचा फिरकी गोलंदाज ग्रिमेटने लेग स्टंपवर मारा धरला आणि त्याची पुरती कोंडी केली. एखादा फलंदाज अशा वेळी मालिका संपण्याची वाट पाहत बसला असता. हेडलीने दौरा चालू असतानाच उभे राहण्याची ढब बदलली, बॅटची पकड बदलली, लेग साइडचा खेळ जवळजवळ नव्याने शिकून घेतला आणि ब्रिस्बेन व सिडनीला शतके ठोकली. सामन्याच्या आदल्या रात्री त्याला झोप लागत नसे. अंथरुणात पडल्या पडल्या तो दुसऱ्या दिवशीचे चेंडू मनात खेळत राही.

1935 मध्ये किंग्स्टनला त्याच्या नाबाद 270 धावांच्या बळावर संघाने डावाने विजय मिळवला आणि इंग्लंडविरुद्धची मालिकाही जिंकली. 1939 मध्ये लॉर्ड्सवर त्याने 106 आणि 107 धावा केल्या. या मैदानावरच्या एकाच कसोटीत दोन शतके त्याआधी कोणीही केली नव्हती. एवढे होऊनही कर्णधारपद गोऱ्यांकडेच राहिले. 1948 मध्ये बार्बाडोसच्या कसोटीसाठी अखेर हेडलीची नेमणूक झाली. संघाचा कर्णधार नेमला गेलेला तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. तेव्हा तो 38 वर्षांचा होता, पाठ दुखावली आणि ती संधी एका सामन्यातच संपली. दहा वर्षे आधी, ऐन भरात असताना, हे का झाले नाही, याचा विचार आला की मला आजही संताप येतो. त्याच वर्षी तो भारतात आला तोही थकलेला. दिल्लीची एकच कसोटी खेळला आणि मुंबईच्या कसोटीत दिसलाच नाही.

22 कसोटींत 2190 धावा आणि 60.83 ची सरासरी, हा त्याचा कायमचा आकडा. महायुद्धापूर्वीच्या 19 कसोटींत त्याची सरासरी 66 च्या वर होती. 1954 मध्ये तो इंग्लंडमध्ये राहत असताना, त्याने पुन्हा आपल्यासमोर खेळावे म्हणून जमैकातल्या लोकांनी वर्गणी गोळा करून त्याला मायदेशी आणले. चव्वेचाळीस वर्षांचा हेडली किंग्स्टनला फलंदाजीस उतरला आणि त्याने 16 आणि 1 धाव केली.