आधी पान, मग आंदोलन

तुमची संघटना नोंदणीकृत आहे, लेटरहेड छापून झालं आहे, पणजीच्या आझाद मैदानावर मेणबत्त्याही लावून झाल्या आहेत. आणि तरीही विकिपीडियावर पान नाही? मग तुम्ही पुरोगामी कसले! उद्या कॉलेजातला एखादा पोरगा प्रोजेक्टसाठी तुमचं नाव शोधेल आणि त्याला त्याच नावाची कुठली तरी पतपेढी सापडेल. ही नामुष्की टाळायची तर आजच कामाला लागा. आंदोलन काय, पावसाळा संपल्यावरही करता येतं.

पान स्वतःच लिहा. दुसऱ्यावर सोपवलंत तर तो तुमच्याविषयी वाचायला जाईल, आणि ते परवडणारं नाही. नियम असा आहे की विषयाशी हितसंबंध असलेल्या माणसाने शक्यतो त्यावर लिहू नये, लिहिलंच तर नातं उघड करावं. पैसे घेऊन लिहिणाऱ्याला तर २०१४ पासून वापराच्या अटींतच ते जाहीर करायला लावलं आहे. पण तुम्ही लिहिण्याचे पैसे कुठे घेताय? तुम्ही खजिनदार आहात, तुम्ही सगळ्याचेच घेता.

सदस्यनाव मात्र विचार करून निवडा. संघटनेच्या नावाने खातं काढलंत तर प्रचालक, म्हणजे विकिपीडियाचे कारभारी, ते गोठवण्याची शक्यता दांडगी. 'खरा गोंयकार' किंवा 'मांडवीकाठचा' असं काही तरी निरुपद्रवी बघा. आणि खातं उघडल्या उघडल्या आपल्या पानावर झेप घेऊ नका. आधी दुसऱ्यांच्या लेखांतले चार ऱ्हस्व-दीर्घ नीट करा, शिगम्याच्या पानावर एक स्वल्पविराम टाका. त्यामुळे तुमच्या खात्याला इतिहास तयार होतो, आणि स्वतःला इतिहास नसलेल्या माणसाने दुसऱ्याचा लिहिलेला लोकांना खपत नाही.

आता संदर्भ. भले भले इथे ढेपाळतात. विकिपीडियाला तुमचा शब्द नको असतो, तिसऱ्याचा हवा असतो. तुमच्याशी देणंघेणं नसलेल्या, विश्वासार्ह प्रकाशनाने तुमच्याविषयी ऐसपैस लिहिलं असेल तरच तुम्ही उल्लेखनीय. इतर राज्यांत या अटीवर संघटना आपटतात. गोव्यात चिंता नको, आपल्याकडे प्रेस नोट आहे.

प्रेस नोट दुपारी तीनला लिहायला घ्या. स्वतःबद्दल असली तरी तृतीय पुरुषी लिहा: 'संघटनेने सरकारला धारेवर धरले', 'अध्यक्षांनी सणसणीत टोला हाणला', 'उपस्थितांनी टाळ्यांच्या कडकडाटात पाठिंबा दिला'. पत्रकार परिषदेत टाळ्या वाजवतं कोण, असले प्रश्न स्वतःला विचारू नका. चार वाजता ती वार्ताहरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सोडा, सोबत फोटो आणि 'डावीकडून' अशी नावं. डेस्कवरच्या मुलीसमोर त्या वेळी जिल्हा पंचायतीची बैठक, म्हापशाचा अपघात आणि तीन शोकसभा पडलेल्या असतात. ती तुमची नोट उचलते, वर 'पणजी, प्रतिनिधी' एवढं घालते आणि सोडून देते. दुसऱ्या दिवशी पाच पेपरांत बातमी. पाचही ठिकाणी तोच मथळा, तोच टोला, त्याच टाळ्या. आणि टाईप करताना सहाव्या ओळीत 'पर्यावरणाचा ऱ्हास'चं 'पर्यावरणाचा हास' झालं असेल, तर पाचही पेपरांत पर्यावरण हसत असतं.

झाले की पाच स्वतंत्र स्रोत! पानावर एका वाक्यामागे पाचही आकडे चौकटी कंसात ओळीने लावा. एवढे आकडे दिसले की वाचक नमस्कार करून पुढे जातो, टिचकी मारत नाही. प्रसिद्धिपत्रक जसंच्या तसं छापलं तर ते स्वतंत्र धरत नाहीत, हे नियमात आहे खरं. पण ते पकडायचं तर कोणी तरी पाचही अंक शेजारी शेजारी मांडून वाचायला हवेत. गोव्यात एका बैठकीत पाच पेपर वाचणारा माणूस फक्त सलूनमध्ये सापडतो, आणि तो विकिपीडिया संपादित करत नाही. (माझं मत विचाराल तर अर्धी गोमंतकीय चळवळ अशीच लिहिली गेली आहे. उरलेली अर्धी लिहिलीच गेलेली नाही.)

यानंतर 'कार्य व यश' हा विभाग घ्या. इथे कष्ट कमी, फळ जास्त. ७ फेब्रुवारी २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातल्या ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं. प्रकरण गोवा फाउंडेशनचं, आणि ते नाव निकालपत्रावरच असल्याने पुसता येत नाही. पुसायचं कशाला? दोन वाक्यं शेजारी शेजारी ठेवा. 'संघटनेने २०१७ मध्ये खाणींविरोधात मुख्यमंत्र्यांना निवेदन दिले. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्टे रद्द केले.' दोन्ही वाक्यं खरी, दोन्हींना संदर्भ. मधला पूल वाचक आपला आपण बांधतो. गोव्यात कंत्राटदाराशिवाय उभा राहणारा तेवढाच पूल. दोन स्रोत जोडून तिसराच निष्कर्ष काढायला विकिपीडियावर मनाई आहे, असं कोणी चर्चापानावर सुनावलंच तर निरागसपणे विचारा, निष्कर्ष कुठे काढलाय दाखवा.

हीच रीत सगळीकडे चालते. गोव्यातल्या जमिनींच्या वापराचा 'प्रादेशिक आराखडा २०११' लोक रस्त्यावर उतरल्यामुळे २००७ च्या सुरुवातीला गुंडाळावा लागला, त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी सेझ, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रं. मोलेच्या जंगलातून जाणाऱ्या तीन प्रकल्पांविरुद्ध २०२० मध्ये पोरं उठली, आणि रेल्वेच्या दुपदरीकरणाला वन्यजीव मंडळाने दिलेली मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये रद्द ठरवली. या सगळ्यांत हजारो माणसं होती, त्यांत तुमचंही कोणी तरी असणारच. निदान मोर्चामुळे ट्रॅफिकमध्ये अडकलेलं. 'मोलाचा वाटा उचलला' असं लिहा. वाटा केवढा, हे विचारायची आपल्याकडे पद्धत नाही. केरीच्या नायलॉन प्रकल्पाविरुद्धच्या आंदोलनाला मात्र हात लावताना जरा जपून. त्यात १९९५ मध्ये पोलिसांच्या गोळीने एका तरुणाचा जीव गेला, आणि त्या गावात कोण होतं नि कोण नव्हतं हे अजून लोकांच्या लक्षात आहे.

विशेषणांत फार पैसे घालवू नका. 'झुंजार', 'अग्रगण्य' वगैरे कोणी तरी संध्याकाळपर्यंत काढून टाकतं. 'गोव्यातील जुन्या संघटनांपैकी एक' हे कोणी काढत नाही.

भाषेचा निर्णय कार्यकारिणीत घेऊ नका. मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे, कोकणी २०१५ पासून. पान मराठीत केलंत तर अर्धे सदस्य राजीनामा देतील, कोकणीत केलंत तर उरलेले. देवनागरी कोकणीत केलंत तर रोमीवाले, म्हणजे रोमन लिपीतली कोकणी लिहिणारे, निषेधाचं पत्रक काढतील, तेही तुमच्याच लेटरहेडवर. १९८७ च्या राजभाषा कायद्यावरून ज्यांचं अजून जुळलेलं नाही, ते तुमच्या पानावर काय जुळणार? इंग्रजीत करा. इंग्रजीवर गोव्यातल्या कुठल्याच पुरोगाम्याचा राग नाही. फक्त तिथे संपादक रग्गड असतात आणि त्यांना रात्रीची झोप नसते, एवढं लक्षात ठेवा. मराठीत माणसं मोजकी, त्यामुळे एखादी थाप वर्षानुवर्षं सुखाने नांदते, वर 'संदर्भ हवा' असा बिल्ला लावून.

पान उभं राहिलं की विरोधक येतीलच. त्यांचंही एक 'खरा गोंयकार २' असतं. तो 'टीका' नावाचा विभाग उघडेल, 'विकासविरोधी' लिहील, विदेशी निधीचा संशय घालील आणि खाली कुठल्या तरी मंत्र्याच्या भाषणाच्या बातमीचा संदर्भ लावील. ती बातमी नीट वाचा. 'सणसणीत टोला' असेल, 'टाळ्यांचा कडकडाट'ही असेल. त्यांची नोटही चारलाच सुटते.

मग उलटवाउलटवी, म्हणजे त्यांचा बदल पुसून आपला मजकूर परत आणणं, सुरू करा. इंग्रजी विकिपीडियावर चोवीस तासांत एका पानावर तीनपेक्षा जास्त वेळा उलटवलं की बंदी येऊ शकते. तेव्हा तीनदा तुम्ही उलटवा, पुढचं सचिवांकडे द्या, त्यापुढचं सचिवांच्या भाच्याकडे. तिघंही कार्यालयाच्या एकाच वायफायवर असाल तर तपासणीचे अधिकार असलेल्या सदस्यांना ते दिसू शकतं. चर्चापानावर पाच 'खरे गोंयकार' रात्री दोन वाजता एकाच आयपी पत्त्यावरून एकमेकांचं अभिनंदन करताहेत, हे दृश्य तसं लोभस असतं, पण प्रचालकांना त्याचं कौतुक नाही. आणि 'इतिहास पहा'मध्ये प्रत्येक बदल तारीखवेळेसकट राहतो. तुम्ही 'संस्थापक सदस्य' या यादीतून फुटीर गटाची नावं कधी काढलीत, तेसुद्धा.

एक जागा मात्र कटाक्षाने टाळा: पणजीत पाटोवरचं कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालय. १८३२ पासूनची ती संस्था, आणि तिथे गोव्याची जुनी वर्तमानपत्रं वाचायला मिळतात. विकिपीडियाला छापील संदर्भ चालतो, दुवा लागत नाही. पेपरचं नाव, तारीख, पान क्रमांक एवढं पुरतं. धोका नेमका इथेच आहे. एकदा का एखादा उत्साही कार्यकर्ता तिथे जाऊन बसला, की तो सत्तरीच्या दशकाच्या शेवटची फाईल मागवतो. विद्यार्थ्यांच्या बसच्या अर्ध्या तिकिटाचं आंदोलन, रापणकारांचे (पारंपरिक मच्छीमारांचे) मोर्चे. कडा चहात बुडवल्यासारख्या झालेल्या, पान उलटताना कोपरा बोटातच राहतो, म्हणून तो श्वास धरून वाचतो. आणि त्याला काय सापडेल याचा नेम नाही. तुमच्या एकाही स्मरणिकेत नसलेल्या बायकांची नावं सापडतील, अटक झालेल्यांच्या यादीत. ते आंदोलन ज्यांनी 'उभारलं' असं तुम्ही पानावर लिहिलंय, ते संस्थापक त्या यादीत सापडणार नाहीत. ते तीन पानं पुढे सापडतील, वाचकांच्या पत्रव्यवहारात: विद्यार्थ्यांनी रस्त्यावर न उतरता अभ्यासाकडे लक्ष द्यावे, ही नम्र विनंती.

असा कार्यकर्ता संघटनेत असेल तर त्याला देणग्यांच्या पावत्या फाडायला बसवा.

त्यापेक्षा स्रोत स्वतः पैदा करणं सोपं. जर्मनीत २००९ मध्ये हे झकास घडलं होतं. नव्याने मंत्री झालेल्या गुटेनबर्ग यांची नावांची माळ आधीच मारुतीच्या शेपटासारखी. कोणी तरी विकिपीडियावर त्यात आणखी एक 'विल्हेल्म' घुसडलं. वर्तमानपत्रांनी घाईत ते उचललं, आणि शंका निघाली तेव्हा त्याच बातम्या पुरावा म्हणून पानावर लावल्या गेल्या. तुम्हाला तर विल्हेल्मही नको. पानावर 'दहा हजारांचा मोर्चा' लिहून ठेवा आणि वाट पाहा. दशकपूर्तीला एखादी पुरवणी निघेल, लिहिणाऱ्याला रात्रीत आठशे शब्द हवे असतील, तो तुमचं पान उघडेल. पुरवणी आली की तिचा संदर्भ दहा हजारांच्या मागे लावा. मोर्चाला आलेले तीनशे लोकही हळूहळू दहा हजारच सांगू लागतील.

इतकं करूनही एके दिवशी पानाच्या डोक्यावर पाटी येईल: हा लेख वगळण्यासाठी प्रस्तावित आहे, विषय पुरेसा उल्लेखनीय नाही. कुठल्या तरी झोप न येणाऱ्या परक्या माणसाने पाचही बातम्या शेजारी लावून वाचलेल्या असतील आणि पर्यावरण पाचही ठिकाणी हसताना पाहिलं असेल. चर्चापानावर त्याच्याशी वाद घालत बसू नका. तातडीची बैठक बोलवा, निषेधाचा ठराव घ्या: 'जागतिक विश्वकोशाकडून गोव्याचा आवाज दाबण्याचा प्रयत्न'. पाच पेपरांत येईल. एका संघटनेवर, केवळ त्या संघटनेवर, तीन कॉलमची सविस्तर बातमी. याहून उल्लेखनीय काय हवं? ते पाच दुवे वगळण्याच्या चर्चेत चिकटवा. फक्त नोट चारच्या आत सोडा, उशीर झाला तर पानं लागलेली असतात.