नमुना क्रमांक 417

गेल्या रविवारी आमच्या घरी मटणाला नंबर पडले होते. 417, 286 आणि 953. माणसागणिक तीन वाट्या, वाटीवर चिकटपट्टी, चिकटपट्टीवर मार्करनं लिहिलेला आकडा. आत सावजी खिमा, वर बोटभर तर्री. शेजारी पाण्याचा ग्लास, मूठभर मुरमुरे आणि एक छापील कागद. पेन ज्याचा त्यानं आणायचा होता.

आमची पोरगी फूड टेक्नॉलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. मटणाला वनस्पतीजन्य पर्याय, असा प्रोजेक्ट तिनं घेतला तेव्हा घरात कुणी हरकत घेतली नाही. प्रोजेक्ट म्हणजे स्पायरल बाइंडिंग करून आणायची वही, असा आमचा समज. तो आपल्या पोटात जाणार आहे, हे रविवारी कळलं.

तिनं नऊ माणसं जमवली होती. मी, बायको, माझे दोन भाऊ आणि त्यांच्या बायका, वरच्या मजल्यावरचे भाडेकरू नवरा-बायको आणि भंडाऱ्याहून खास आलेले मोठे मामा, म्हणजे माझे मेव्हणे. मामांना फोनवर "रविवारी सावजी आहे, या" एवढंच सांगितलं होतं. पुढचं वाक्य ऐकायला ते थांबलेच नव्हते.

"ही ट्रँगल टेस्ट आहे," पोरगी म्हणाली. "तीनपैकी दोन नमुने सारखे आहेत, एक वेगळा आहे. वेगळा कोणता ते ओळखायचं. एकमेकांशी बोलायचं नाही, शेजारच्याच्या कागदात पाहायचं नाही. एका वाटीनंतर मुरमुरे खायचे, पाणी प्यायचं, तोंड स्वच्छ करायचं, मग दुसरी वाटी."

"पाण्यानं सावजी उतरते का वं पोरी?" मामांनी विचारलं.

प्रश्न रास्त होता. सावजी ज्यांनी खाल्लं नाही त्यांच्यासाठी सांगतो. हे मूळचं नागपूरच्या हलबा कोष्टी विणकरांच्या घरातलं जेवण. हातमाग थंडावले तशा खानावळींच्या चुली पेटल्या. धने, खसखस, सुकं खोबरं, लवंग, मिरे, दालचिनी, मोठी विलायची, तेजपान, दगडफूल हे सगळं काळसर होईस्तोवर भाजायचं, वाटायचं आणि तेलात इतकं परतायचं की शेजारच्या गल्लीत लोक शिंकले पाहिजेत. आजीच्या काळी हे तेल जवसाचं असे. पहिल्या घासाला कान गरम होतात, दुसऱ्याला नाक वाहतं. तिसऱ्या घासाला माणूस आयुष्यातल्या चुका आठवू लागतो, पण चौथा घास घेतोच. या मसाल्याखाली चव लपत नाही. ती तिथं होती याचा पुरावाच उरत नाही.

आणि या रस्स्यात बुडवलेला वेगळा खिमा आम्हाला ओळखायचा होता.

पहिली वाटी छान लागली. दुसरीही छान लागली. तिसरीपर्यंत जिभेनं हात टेकले होते. धाकट्या भावानं सगळे मुरमुरे एकदम तोंडात टाकले आणि डोळे मिटून बसला. भाडेकरू वहिनी पदरानं डोळे टिपत होत्या, पण कागदावर काय लिहिलं ते दुसऱ्या हातानं झाकून होत्या. बोर्डाच्या परीक्षेला त्यांचा पहिला नंबर आला असणार. मामा दुपट्ट्यानं टक्कल पुसत 417 पुन्हा चाखत होते, मग 953, मग पुन्हा 417.

"मामा, परत मागं जायचं नाही."

"मी मागं नाही जाऊन राहिलो. मी संपवून राहिलो."

मी नुसत्या तर्कानं गेलो. पोरगी 286 च्या वाटीकडे जरा जास्त पाहते आहे असं वाटलं, म्हणून 286 लिहिलं. इन्कम टॅक्सच्या फॉर्मवरही माझी हीच पद्धत आहे.

कागद गोळा झाल्यावर खुलासा झाला. प्रत्येकाच्या तीनपैकी दोन वाट्यांत बकऱ्याचा खिमा नव्हताच. सोयाबीन आणि लाखोळी डाळ यांचं पीठ एक्स्ट्रूडर नावाच्या यंत्रातून काढून केलेले ते दाणे होते. हे यंत्र म्हणजे चकलीचा सोऱ्याच, फक्त आत प्रचंड दाब, उष्णता आणि फिरता स्क्रू. त्यातून जाताना प्रथिनं ताणली जाऊन त्यांचे धागे होतात आणि दाताखाली मांसासारखे लागतात.

लाखोळीचं नाव निघताच मामांनी दोन्ही गुडघे धरले. आमच्या पूर्व विदर्भात धान निघाल्यावर उरलेल्या ओलीवर ही डाळ येते, न खत न पाणी. प्रथिनं तुरीपेक्षा जास्त. पण दुष्काळात महिनोन्‌महिने नुसती तीच खाल्ली तर पाय लुळे पडतात, म्हणून 1961 साली तिच्या विक्रीवर बंदी आली होती. "अवं, मले लंगडा करते का काय? पुढच्या महिन्यात लग्न आहे घरात!" पोरीनं समजावलं की रतन, प्रतीक अशा कमी विषाच्या जाती आता निघाल्या आहेत, शिवाय तिनं डाळ भिजवून, उकळून, पाणी फेकून घेतली आहे. मामा उठून अंगणात दोन चकरा मारून आले. चालता येतं याची खात्री झाल्यावर त्यांनी उरलेली 953 ओढून घेतली.

सावजीच का निवडलं, याचं तिचं कारण ऐकून मात्र मला वाईट वाटलं. सोयाबीनला एक कच्चट वास असतो. दाणा फुटला की लायपॉक्सिजनेज नावाचं विकर त्यातल्या तेलावर काम करतं आणि तो वास सुटतो. जगभरातल्या कंपन्या त्याच्यामागे लागल्या आहेत. "म्हणून मास्किंगसाठी सावजी मसाला," ती म्हणाली. आमच्या आज्या-पणज्यांनी पाट्यावर मनगटं झिजवून जे केलं, त्याला विज्ञानात वास मारायची पावडर म्हणतात तर.

मग थोडं पर्यावरण झालं. जगातल्या हरितगृह वायूंपैकी साडेचौदा टक्के पशुपालनातून येतात, असा संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचा 2013 चा अंदाज होता. त्यातला मोठा वाटा गाईगुरांचा, पण रवंथ करताना मिथेन सोडणाऱ्यांत बकरीही येते. "बकरीनं ढेकर दिली तर जग तापते," मामा म्हणाले, "आन मे महिन्यात नागपूर काहून तापते ते आत्ता समजलं." विषय तिथंच संपला.

एक गोष्ट मात्र माझ्या डोक्यातून जाईना. सोयाबीन आमच्याच विदर्भात ढिगानं पिकतं. दाण्यात 40 टक्क्यांच्या आसपास प्रथिनं, 20 टक्क्यांच्या आसपास तेल. आपण तेल काढून घेतो, त्यात वडे तळतो आणि प्रथिनांची उरलेली ढेप, म्हणजे पेंड, कोंबड्यांना घालतो. कोंबडी ती दीड-दोन किलो मक्या-ढेपेचं खाद्य खाऊन एक किलो वाढते, त्यातही पिसं आणि पाय आलेच. मग आपण तिला खातो आणि डॉक्टरकडे जाऊन प्रोटीन कमी पडतं म्हणून डबा लिहून घेतो. त्या डब्यातही पुष्कळदा सोयाच असतो. काटोलकडच्या शेतकऱ्याला यातलं काय मिळतं, ते विचारू नका. बाजारभाव पाहून तो स्वतःच जेवत नाही.

अमेरिकेतल्या इम्पॉसिबल फूड्सचं ऐकून तर मी चाट पडलो. त्यांच्या बिनमांसाच्या बर्गरला रक्ताचा रंग आणि चव देणारं हीम आहे सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठीतलं. त्या गाठीत लेगहिमोग्लोबिन असतं. कंपनी त्याचं जनुक यीस्टमध्ये घालून ते टाक्यांत तयार करते. सोयाबीनचं झाड उपटून मुळावरची गाठ नखानं फोडली की आत गुलाबी निघते, हे आमच्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याच्या पोराला माहीत आहे. पेटंट घ्यायचं मात्र कुणाला सुचलं नाही.

आता आत्याचं सांगायला हवं. आत्या माळकरी. तिला पॅनलवर घेतलं नव्हतं, पण ती दारात पाट टाकून बसली होती. सगळं ऐकून तिनं पोरीला विचारलं, "म्हणजे हे मी खाल्लं तर चालते?"

"चालतं ना आत्याआजी. पूर्ण शाकाहारी आहे."

"जीभ काय म्हनन?"

"मटणासारखं लागेल."

आत्यानं बराच विचार केला. "मंग पोटात डाळ गेली, पण मन तर बकरं खाऊन राहिलं ना. माळ गळ्यात असते, पोटात नाही." भारतात प्रयोगशाळेतल्या मांसाला हिरवा ठिपका द्यायचा की तपकिरी त्रिकोण, यावर समिती बसलीच तर आत्याला घ्यावं, अशी माझी शिफारस आहे.

प्रयोगशाळेतल्या मांसाकडे गाडी मामांनी वळवली. व्हॉट्सअ‍ॅपवर त्यांनी काहीतरी पाहिलं होतं आणि या वेळी ते चक्क खरं होतं. 2013 च्या ऑगस्टमध्ये लंडनला मार्क पोस्ट या डच शास्त्रज्ञानं गाईच्या पेशींपासून वाढवलेला बर्गर लोकांसमोर तळून खायला दिला. त्या एका बर्गरचा खर्च अडीच लाख युरो. 2020 मध्ये सिंगापूरनं असं कोंबडीचं मांस विकायला परवानगी दिली, 2023 मध्ये अमेरिकेनं. अमेरिकेत तेव्हा परवानगी मिळालेल्या दोन कंपन्यांपैकी एकीचे सहसंस्थापक उमा वलेटी हे आंध्रातून तिकडे गेलेले हृदयरोगतज्ज्ञ.

"हार्टचा डॉक्टर मटण बनवते?" मामा हरखले. "मंग नळी बी बनवत असन!"

पोरगी गप्प झाली. नळी बनत नाही. पेशींचा थर जाड झाला की आतल्या पेशींपर्यंत अन्न आणि ऑक्सिजन पोचवायला रक्तवाहिन्या नसतात. म्हणून खिमा सोपा, सलग तुकडा अवघड, आणि नळीचं तर कुणी नाव काढताना दिसत नाही. खुरं नाहीत, मुंडी नाही, सुंदरी नाही. सगळी अक्कल नगेट आणि बर्गरवर खर्च चालली आहे. मामांचा चेहरा पडला. ताटावर नळी उभी आपटायची, तोंड लावून ओढायची आणि आतला गर एका दमात आला की आजूबाजूला विजयी मुद्रेनं पाहायचं, यासाठी हा माणूस भंडाऱ्याहून साठेक किलोमीटर येतो. तिथं त्याला बोनलेस भविष्य कसं विकणार? "यंदा मारबतीत बोनलेसचा बडग्या काढा," ते म्हणाले, "घेऊन जा गे मारबत!" मारबत म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात निघणारी पुतळ्यांची मिरवणूक, नको त्या गोष्टी गावाबाहेर हाकलायला. बडग्या हा त्यातलाच पुतळा.

बायकोचं म्हणणं आणखी वेगळं. ती म्हणाली, पाटोडी रस्सा काय वाईट आहे? बेसनाच्या वड्या, तोच मसाला, तीच तर्री, आणि पाटोडी कधी मटण असल्याचं सोंग करत नाही. हे मला पूर्ण पटतं. सावजीच्या खानावळीत पाटोडी मागवणाऱ्याला कुणी पर्यायी माणूस म्हणत नाही. ट्रँगल टेस्टमध्ये मात्र पाटोडीला जागा नव्हती, ती पहिल्या घासाला खरं बोलून मोकळी झाली असती.

निकाल लागला. नऊपैकी तिघांचं उत्तर बरोबर. पोरीनं उडीच मारली. तीनपैकी एक निवडायचा असेल तर डोळे मिटून चिठ्ठी उचलणाराही सरासरी तीन वेळांतून एकदा बरोबर येतो. म्हणजे आमच्या नऊ जिभा आणि नऊ चिठ्ठ्या यांत काही फरक नव्हता. माझं 286 चुकलं. मामांचं 417 देखील.

सोमवारी तिच्या सरांनी आकडे पाहिले आणि एका ओळीत शेरा मारला: पॅनल फार लहान आणि अप्रशिक्षित.

मामांना हे फोनवर कळलं. "अप्रशिक्षित? चाळीस वर्षं मटण खाऊन राहिलो मी! गोलीबार चौकातले सावजी मले नावानं ओळखतात!" त्यांनी प्रशिक्षण मागितलं, तेही लेखी. पोरीनं पुस्तक उघडलं. प्रशिक्षण द्यायचं तर पॅनलला आधी खरा नमुना ओळखता आला पाहिजे. खांद्याचा, मांडीचा, कोवळा, जून, जास्त चरबीचा, कमी चरबीचा. त्याला रेफरन्स सॅम्पल म्हणतात आणि ते प्रत्येक बैठकीत ताजं लागतं. पॅनलही वाढवायला सांगितल्यामुळे माझ्या भावांचे साळे, भाडेकरूंचे पाहुणे आणि भंडाऱ्याची एक आख्खी गाडी यादीत आली आहे.

तेव्हा मटणाचा वापर कमी व्हावा म्हणून आमच्या घरात पूर्वी अर्धा किलो यायचं, ते आता चार किलो येतं. भाव आठशेच्या घरात. या रविवारी रांगेत माझा नंबर आला तेव्हा मटणवाल्यानं सुरा थांबवून फार आपुलकीनं विचारलं, "भाऊ, पोरीचं संशोधन पीएचडीपर्यंत जाईन ना?"