चौथा नंबर आला म्हणे आपला

सोसायटीच्या ग्रुपवर तो मेसेज परत आला काल. वर्ल्ड बँक म्हणते भारत जगात चौथा सर्वात समान देश, गिनी (विषमतेचं माप, 0 म्हणजे सगळे सारखे, 100 म्हणजे सगळं एकाकडेच) फक्त 25.5, चीन 35.7, अमेरिका 41.8, विषमता 2011 पासून कमीच होतेय, आणि थोडीफार असली तरी देश पुढे जाताना आधी दरी वाढते मग आपोआप भरते, तेव्हा रडगाणं बंद करा. जुलै 2025 पासून फिरतोय हा. ग्रुपवर उत्तर दिलं तर पार्किंगच्या भांडणासारखं होईल म्हणून इथे लिहितोय.

पहिलं म्हणजे 25.5 आकडा खोटा नाहीये, वर्ल्ड बँकेचाच आहे. पण तो खर्चाचा गिनी आहे, आणि शेजारी ठेवलेला अमेरिकेचा 41.8 उत्पन्नाचा! मग नंबर कसले लावताय?

फरक केवढा पडतो ते आमच्या बिल्डिंगमध्येच बघा. दांडेकर पुलाजवळच्या वस्तीतनं धुणंभांड्याला मावशी येतात, समजा पाच घरं करून 15 हजार मिळतात, तर ते महिनाअखेर संपलेले असतात, वर भिशीतनं उचल असतेच. वरच्या मजल्यावरचा हिंजवडीला जाणारा पोरगा समजा 3 लाख घेतो, रोज बाहेरून मागवून खाल्लं तरी 90 हजाराच्या वर त्याचा खर्च जात नाही, बाकीचे एसआयपीत आणि वाकडच्या दुसऱ्या फ्लॅटच्या हप्त्यात. कमाईत फरक 20 पट, खर्चात 6 पट. हा 25.5 ज्यातनं येतो त्या सरकारच्या घरखर्चाच्या सर्व्हेत एसआयपी आणि फ्लॅटचा हप्ता खर्च म्हणून धरतच नाहीत, त्यामुळे तिथे 6 पटच दिसणार. म्हणजे पोरगा जितके जास्त पैसे बाजूला टाकेल तितका तो कागदावर मावशींच्या जवळ सरकणार, आहे की नाही गंमत. आणि कोरेगाव पार्कातल्या बंगल्यात सर्व्हेवाला वॉचमनच्या पुढे जातो का हा वेगळाच प्रश्न.

आता "2011 पासून कमी होतेय". 2011-12 आणि 2022-23 चे सर्व्हे एकाच पद्धतीचे नाहीत, आधी सगळे प्रश्न एका भेटीत विचारायचे, आता तीन भेटी घेतात. मधला 2017-18 चा सर्व्हे तर सरकारने प्रसिद्धच केला नाही. गिनी 28.8 वरून 25.5 झाला हे घसा फोडून सांगण्याइतकं पक्कं नाही. खुद्द वर्ल्ड बँकेने, ज्या टिपणात हा 25.5 दिलाय त्याच टिपणात, लिहिलंय की विषमता कमी मोजली गेलेली असू शकते, आणि वर्ल्ड इनइक्वॅलिटी डेटाबेसप्रमाणे उत्पन्नाचा गिनी 2004 मध्ये 52 होता तो 2023 मध्ये 62 झाला. ही ओळ मेसेज बनवणाऱ्याने बरोब्बर गाळली.

"आपोआप भरते" हे अर्थतज्ज्ञ सायमन कुझनेट्सचं, 1955 सालचं. पण त्यानेच लिहून ठेवलंय की यात 5 टक्के माहिती आणि 95 टक्के अंदाज आहे, तेव्हा त्याच्या नावावर एवढं बिनधास्त बोलू नये. शिवाय आपल्याकडे झालं उलटंच. थॉमस पिकेटी या फ्रेंच अर्थतज्ज्ञाच्या आणि मंडळींच्या 2024 च्या अभ्यासात वरच्या 10 टक्के लोकांचा उत्पन्नातला वाटा 1951 मध्ये 37 टक्के होता, 1982 पर्यंत 30 वर आला, आणि 2022-23 मध्ये 57 च्या पुढे गेलाय, खालच्या निम्म्या देशाकडे 15 टक्के. म्हणजे दरी आधी कमी झाली, मग वाढत गेली. या आकड्यांवरही वाद आहेत, जुनी टॅक्सची माहिती तुटपुंजी आहे आणि बरंच अंदाजाने जोडलंय, त्यामुळे दशांशापर्यंत मी भांडणार नाही, पण दिशा मेसेजमधली नाही एवढं नक्की. ब्राझीलमध्ये 2000 नंतर दरी कमी झाली खरी, पण तिथे किमान वेतन वाढवलं, बोल्सा फमिलिया या सरकारी योजनेतनं गरीब घरांना थेट पैसे दिले. आपोआप काय झालं त्यात?

राहता राहिली गरिबी. वर्ल्ड बँकेच्या जुन्या रेषेने (दिवसाला 2.15 डॉलर) अतिगरिबी 2011-12 मध्ये 16.2 टक्के होती ती 2022-23 मध्ये 2.3 झाली, पद्धतीचा घोळ इथेही आहे पण घट मोठी आहे आणि चांगलीच गोष्ट आहे. फक्त गरिबी कमी होणं वेगळं, दरी कमी होणं वेगळं. नुसता हा आकडा फॉरवर्ड केला असतात तर अंगठा मीही दिला असता.