प्रतिक्रियेला उत्तर: दुखणं डाव्या हातात आहे

संगीतकार शोपाँच्या ई मायनर प्रिल्यूडचे (पियानोची छोटी रचना, ओपस 28, क्र. 4) बार, म्हणजे लयीचे कप्पे, मोजत बसलं की भाव मरतो, मनातून वाजवावं, असं तुम्ही लिहिलंत. मनातून वाजवायला ना नाही. पण उजवा हात बघा: पहिले तीन बार तो बी आणि सी या दोनच सुरांत घुटमळतो. दर सीवर उसासा टाकला की चौथ्या बारपर्यंत कान कंटाळतो.

हलतो तो डावा हात. जी-बी-ई या कॉर्डपासून (एकत्र वाजणाऱ्या सुरांपासून) सुरुवात. मग खालचा जी एफ शार्पवर, पुढे एफवर, ईवर, आणि वरचे दोन सूरही आपापल्या वेळी घसरतात. सगळे एकदम उतरत नाहीत, म्हणून मधले कॉर्ड लोंबकळत राहतात. या रचनेतलं दुखणं, तिची वेदना, तिथे आहे. सरावाला प्रत्येक कॉर्ड लिहिलाय तितक्यांदा न वाजवता बदलेल तेव्हा एकदाच वाजवा आणि कोणतं बोट हललं ते तोंडानं म्हणा. नंतर सगळे वाजवताना फक्त हललेल्या सुराला किंचित वजन द्या, बाकीची बोटं पट्टीला चिकटून. सूर लांबवणारं पायातलं पेडल बारच्या रेघेवर नाही, कॉर्ड बदलताच बदला. नाहीतर जुना सूर नव्यात मिसळतो आणि घसरण पुसली जाते. मोजायचं दोनांत. खूण अला ब्रेवेची (बारला दोन ठोके) आहे, चारांत मोजलंत की प्रत्येक कॉर्ड हातोडा होतो.

आता लयीचं. बाराव्या बारला वाक्य अर्धवट थांबतं, तेराव्याला तेच पुन्हा सुरू होतं, आणि सोळाव्यापासून शोपाँनं ‘स्ट्रेटो’ (लय आवळत, घाईनं) लिहिलंय: जी घसरण आधी कित्येक बार चालली, ती इथे थोडक्यात कोसळते. पहिल्या बारपासून लय ओढत-ताणत आलात, तर इथे खर्चायला काही उरत नाही. तुमचं एवढं मात्र खरं, की स्ट्रेटो किती करायचा हे कागदावर नाही. तो कौल तुमचाच.

तेविसाव्या बारमध्ये बास (सर्वांत खालचा सूर) बी फ्लॅटवर येतो आणि पुढे फर्माटा (लांबवून थांबण्याची खूण) असलेला विराम आहे. इतका वेळ उतरत आलेला बास त्यानंतर सेमीटोननं (अर्ध्या स्वरानं) वर, बीवर चढतो आणि तीन कॉर्डांत सगळं संपतं. त्या विरामात पेडल पूर्ण उचला. बहुतेकांचा पाय तिथे दाबलेलाच राहतो, आणि शांतता लिहिलेली असून ऐकू येत नाही.