ज्युरीला पाझर फोडण्याची कृती

ज्युरी म्हणजे खटल्याचा निकाल द्यायला बसवलेले सामान्य नागरिक. पाझर फुटला तर कायदा बाजूला ठेवून ते आरोपीला सोडूनही देतात. तेव्हा गुन्हा करायचाच असेल तर आधी मयत नीट निवडा. हौशी मंडळी इथेच चुकतात. हत्यारावर महिनाभर डोकं खपवतात आणि ज्याला मारायचं त्याच्याबद्दल लोक काय बोलतात, याची चौकशीच करत नाहीत. मयत पैसेवाला, रंगेल, निदान नावडता तरी हवा. बाजू मांडायला तो कोर्टात येणार नाही, ही सोय वेगळीच.

पुढची पायरी म्हणजे एखादं वर्तमानपत्र. 1959 साली मुंबईत नौदलाच्या कमांडर नानावटींनी पत्नीच्या प्रियकराला, प्रेम आहुजाला, गोळ्या घातल्या तेव्हा ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाने त्यांची बाजू अशी लावून धरली की ज्युरीतल्या 9 पैकी 8 जणांनी त्यांना निर्दोष ठरवलं.

टॉवेलकडे मात्र लक्ष असू द्या. बचाव असा होता की झटापटीत गोळ्या सुटल्या. आहुजा नुकताच आंघोळ करून टॉवेल गुंडाळून उभा. झटापटीत सगळ्यात आधी सुटायचा तो टॉवेल, पण प्रेतावर तो जागच्या जागी होता. बरं, संतापाच्या भरात झालं म्हणावं, तर मधल्या वेळात बायको-मुलांना सिनेमाला सोडून झालं, जहाजावरून रिव्हॉल्व्हर आणि 6 काडतुसं आणून झाली, आहुजाच्या ऑफिसात डोकावून झालं. जवळजवळ 3 तास! ज्युरीला हे दिसलं नाही, न्यायाधीशांना दिसलं. त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं, 1960 मध्ये जन्मठेप झाली आणि 1961 मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कायम केली.

म्हणजे कृती बरोबर होती, जागा चुकली. भारतात आता फौजदारी खटल्याला ज्युरीच नाही. 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला जागा उरली नाही. अमेरिका बघा. तिथे ज्युरीने एकदा ‘निर्दोष’ म्हटलं की सरकारला अपील नाही, आणि कारण कुणी विचारत नाही.

तिथलीही पथ्यं आहेत. ‘कायदा राहू द्या बाजूला’ असं वकिलाला ज्युरीपुढे उघड म्हणता येत नाही, आणि ज्युरीला तसं करता येतं हे सांगायला न्यायाधीश बांधील नाहीत. हे 1895 पासून ठरलेलं आहे. ज्युरीच्या निवडीच्या वेळी ‘मी मनाला पटेल तेच करीन’ असं बोलून गेलेला माणूस बहुधा घरी जातो. म्हणून सहानुभूती दुसऱ्या कुठल्या तरी बचावाच्या पोटात लपवून न्यावी लागते. आणि एका हळव्यावर विसंबू नका. एकजण अडून बसला तर सुटका होत नाही, निकालच लागत नाही आणि खटला पुन्हा उभा राहू शकतो. बाराच्या बारा हळवे लागतात.

ज्युरीच्या सहानुभूतीच्या या दारातून आपल्याआधी कोण कोण सुटलं, ते फार खोदू नका. पळून आलेल्या गुलामांना आसरा देणारे सुटले, हे सांगायला छान वाटतं. पण 1955 साली मिसिसिपीत एमेट टिल या 14 वर्षांच्या काळ्या मुलाच्या खुनाचे दोन आरोपीही इथूनच सुटले. त्यांच्या वकिलांसाठी दुकानांतून बरण्या ठेवून पैसे जमवले होते. सहानुभूती म्हणतात ती हीच, सुट्या नाण्यांत. ज्युरीतल्या 12 गोऱ्या पुरुषांना तासाहून थोडा जास्त वेळ लागला. मधे थंड पेय प्यायला थांबलो नसतो तर तेवढाही लागला नसता, असं त्यांच्यातलाच एकजण म्हणाला. पुढच्याच वर्षी आरोपींनी पैसे घेऊन एका मासिकाला सांगितलं, हो, आम्हीच मारला. पण एकदा निर्दोष ठरल्यामुळे त्या खुनासाठी पुन्हा खटला भरता येईना.

दयेच्या दुसऱ्या खिडक्या आहेत, नाही असं नाही. शिक्षा सौम्य करता येते, माफी देता येते. नानावटींनाही शेवटी 1964 मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी माफी दिली. पण त्या कागदावर नाव येतं, सही येते, तारीख येते, आणि कुणीही जाऊन जाब विचारू शकतो. नसती कटकट. ज्युरीच्या खोलीत यातलं काही नाही.

आणि हो, गावात आपण स्वतः कितपत आवडते आहोत, याचा अधूनमधून अंदाज घेत चला. ही कृती शेजारीही वाचत असतील.